मार्टिनिकचा पेले पर्वत

मार्टिनिक हें नांव आपल्याकडे फारसें कोणाच्या तोंडीं नसतें. नेपोलियनची पहिली पत्नी जोसेफिन हिचें तें जन्मस्थान, एवढी ओळख इतिहासाच्या वाचकाला असते. पण १८५३ पासून पुढील तीन दशकांत पाँडिचेरी व कारिकल या बंदरांतून सुमारें पंचवीस हजार हिंदी मजूर, बहुतेक तामिळ, करारानें तेथील उसाच्या मळ्यांवर नेले गेले, ही गोष्ट आपल्या स्मरणांतून जवळ जवळ पुसलीच गेली आहे. कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेला लहानमोठ्या बेटांची एक कमानदार माळ आहे. सुमारें सव्वाचारशें चौरस मैलांचें मार्टिनिक हें तिच्यांतील एक बेट. १६३५ मध्यें फ्रेंचांनीं तेथें वसाहत केली, आणि आजहि तें फ्रान्सचाच भाग आहे. त्याच्या उत्तर टोकाला सुमारें ४,५८० फूट उंचीचा एक डोंगर उभा आहे. त्याचें नांव पेले. फ्रेंच भाषेंत या शब्दाचा अर्थ बोडका असा होतो. आजच्या भाषणाचा विषय हा डोंगर आहे. पण त्याच्या पायथ्याच्या शहराला वगळून त्याची हकीकत सांगतां येत नाहीं.

तें शहर म्हणजे सेंट पिएर. माथ्यापासून तें अवघें चार मैल दूर. बेटाचा राज्यकारभार दक्षिणेकडील फोर-द-फ्रान्स येथून चाले. पण पैसा, व्यापार, वर्तमानपत्रें आणि करमणूक हीं सारीं सेंट पिएरला. साखर आणि रम यांच्या व्यापारावर तें गबर झालेलें होतें. दगडी घरें, नाट्यगृह, वनस्पति-उद्यान, घोड्यांची ट्राम, विजेचे दिवे असा त्या सव्वीस हजार वस्तीच्या बंदराचा थाट होता. तेथील माणसाला पेले पर्वताचें भय वाटत नसे. वाटे तो अभिमान. माथ्यावर एक तळें होतें, त्याच्या कांठीं वनभोजनाला जाण्याचा प्रघात होता. जवळच एक खोलगट विवर होतें. त्यांत एरवीं पाणी नसे, म्हणून त्याला ‘एतां सेक’ म्हणजे कोरडें तळें म्हणत. श्रोत्यांनीं हें कोरडें तळें ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व अनर्थाचें मुख तेंच होय.

डोंगर ज्वालामुखी आहे हें लोकांना ठाऊक नव्हतें असें नाहीं. १७९२ च्या जानेवारींत त्यानें थोडी राख उडविली होती. १८५१ च्या ऑगस्टांत पुन्हां गडगडाट होऊन शहरावर राखेचा पातळ थर पडला होता. हे दोन्ही वाफेचे उद्रेक होते. जमिनींत मुरलेलें पाणी खालच्या उष्णतेला भिडलें म्हणजे त्याची वाफ होते, आणि ती कोंडलेली वाफ जुनेच दगड व जुनीच राख वर उडविते. खोलींतला नवा शिलारस अशा वेळीं वर येत नाहीं. अडीचशें वर्षांच्या वसाहतीच्या दप्तरांत डोंगराचा स्वभाव नोंदला गेला तो एवढाच. त्याचा खरा स्वभाव निराळा होता. राखेच्या थरांत सांपडलेल्या कोळशाच्या परीक्षेवरून आज आपणांस कळतें कीं, गेल्या पांच हजार वर्षांत या डोंगरानें वीसहून अधिक वेळां शिलारसाचे उद्रेक केले आहेत, आणि १९०२ च्या आधींचा असा शेवटचा उद्रेक इ. स. १३०० च्या सुमाराचा, म्हणजे फ्रेंच गलबतें येण्याच्या तीन शतकांहून अधिक आधींचा होता. डोंगराचें वय मोजण्यास जेथें सहस्रकें लागतात, तेथें सेंट पिएरच्या नागरिकाजवळ माप होतें तें आपल्या आजोबांच्या आठवणीचें.

१९०२ च्या आरंभीं शहरांत कुजक्या अंड्यांसारखी दुर्गंधी येऊं लागली. घरांतील चांदीचीं भांडीं काळवंडलीं. २३ एप्रिलला सौम्य धक्के बसले आणि थोडी राख पडली. २७ तारखेला कांहीं हौशी मंडळी वर चढून गेली, तेव्हां त्यांना कोरडें तळें पाण्यानें भरलेलें दिसलें, आणि त्याच्या एका बाजूस वाफा सोडणारा एक लहानसा शंकु दिसला. २ मेच्या रात्रीं मोठे स्फोट झाले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं शहर राखेनें भुरकट झालेलें होतें. ‘ले कोलोनी’ नांवाचें तेथील वर्तमानपत्र होतें. ४ तारखेला डोंगरावर जाण्याची एक सहल ठरली होती, ती पुढें ढकलल्याची सूचना त्यांत छापली गेली. मला या सगळ्या हकीकतींत ही सूचना सर्वांत बोलकी वाटते. ज्यांनीं सहल आंखली होती त्यांच्या मनांत अद्याप ती रद्द करण्याचा विचारहि आलेला नव्हता.

५ तारखेला दुपारीं तळ्याचा कांठ फुटला. आंतील ऊन पाणी, चिखल आणि धोंडे ‘रिव्हिएर ब्लांश’ म्हणजे धवल नदीच्या खोऱ्यानें समुद्राकडे धांवले. नदीच्या मुखाशीं गेरें कुटुंबाचा साखरेचा कारखाना होता. तो वीसहून अधिक माणसांसह चिखलांत गाडला गेला. चिखलाच्या त्या लोंढ्यानें समुद्र क्षणभर मागें हटला, आणि मग परत येऊन सेंट पिएरच्या धक्क्यावर चढला.

आतां मात्र शहर घाबरलें. गव्हर्नर लुई मूते यांनीं एक समिति नेमली. तोफखान्याचा एक अधिकारी, एक औषधशास्त्रज्ञ, एक स्थापत्य अभियंता आणि दोन अध्यापक असे तिचे सभासद होते. ७ मेला तिनें निर्णय दिला कीं, विवराची आणि समुद्राकडे उतरणाऱ्या खोऱ्यांची रचना अशी आहे कीं सेंट पिएरला धोका नाहीं. हा निर्णय आज वाचतांना चीड येते. पण न्यायानें पाहूं गेल्यास तो अडाणीपणाचा नव्हता. कोरड्या तळ्याच्या कड्याला एक मोठी खांच होती, आणि तिच्याखालून निघणारें खोरें शहराच्या उत्तरेस दोन मैलांवर समुद्राला मिळत होतें. डोंगरांतून जें कांहीं वाहत येईल, मग तो शिलारस असो वा चिखल, तें या खांचेंतून त्या खोऱ्यानेंच जाणार, हें त्यांचें गणित होतें. आणि दोनच दिवसांपूर्वीं चिखल अगदीं तसाच गेलेला सर्वांनीं पाहिला होता.

समितीचे एक सभासद प्रोफेसर लांद यांनीं वर्तमानपत्राला असेंहि सांगितलें कीं, व्हेसुव्हियसपासून नेपल्सला जेवढा धोका आहे, त्याहून अधिक पेलेपासून सेंट पिएरला नाहीं. याच सुमारास बंदरांत ‘ओर्सोलिना’ हें इटालियन जहाज साखर भरीत होतें. त्याचा कप्तान नेपल्सकडचाच. त्यानें अर्धाच माल घेऊन, अधिकाऱ्यांचा निषेध न जुमानतां नांगर उचलला. व्हेसुव्हियस असा दिसला असता तर आपण नेपल्सहि सोडलें असतें, असें त्याचें म्हणणें होतें. एकच उपमा, पण एकानें ती पुस्तकांतून घेतली होती, आणि दुसरा त्या डोंगराखालीं वाढला होता.

११ मेला निवडणुकीची दुसरी फेरी व्हावयाची होती. त्यावरून पुढें अशी कथा पसरली कीं, मतदार निघून जाऊं नयेत म्हणून गव्हर्नरनें सैनिक उभे करून रस्ते अडविले आणि हजारों जीव राजकारणापायीं बळी दिले. ही कथा कित्येक पुस्तकांत छापली गेली आहे, कारण अशा गोष्टींत एखादा खलपुरुष मिळाला म्हणजे सांगणाऱ्याचें काम सोपें होतें. तिचा आधार मात्र कच्चा आहे. त्या दिवसांत शहरांतून कांहीं लोक गेले हें खरें. पण त्याहून कितीतरी अधिक लोक प्रेशेर वगैरे उत्तरेकडील गांवांतून, राखेला व पुरांना भिऊन, शहरांतच आश्रयाला आले. स्वतः गव्हर्नर ७ तारखेला पत्नीसह सेंट पिएरला येऊन राहिले, ते लोकांना धीर देण्याकरितां. दुसऱ्या दिवशीं तीं दोघेंहि मेलीं. सापळा रचणारा मनुष्य आपल्या बायकोला त्या सापळ्यांत मुक्कामाला आणील, हें मला तरी पटत नाहीं. त्याची चूक मोठी होती. पण ती कपटाची नव्हे, विश्वासाची होती.

८ मे १९०२, गुरुवार. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण. देवळांत प्रार्थना चाललेल्या. आकाश बरेंच निवळलेलें होतें. आठाच्या सुमारास कोरड्या तळ्याच्या खांचेंतून एक काळा मेघ बाहेर पडला. तो वर न चढतां डोंगराच्या अंगाला चिकटून, गडगडत, लोळत खालीं आला. त्याचा वेग ताशीं शंभर मैलांहून अधिक असावा असा अंदाज आहे. अशा वेगापुढें चार मैल म्हणजे दोनतीन मिनिटांचा मामला. लष्करी रुग्णालयाचें घड्याळ ७ वाजून ५२ मिनिटांनीं थांबलें. शहरांतल्या त्या घड्याळाच्या हिशेबानें सेंट पिएरचा अंत तेव्हां झाला.

मेघाच्या मार्गाला आडव्या असलेल्या भिंती, तीन तीन फूट जाडीच्या, कोसळून पडल्या. मार्गाच्या दिशेनें उभ्या असलेल्या कांहीं टिकल्या. रमच्या वखारींनीं पेट घेतला आणि जें उरलें तें जाळून टाकलें. सुमारें अठ्ठावीस हजार माणसें मेलीं. बहुतेकांना मरण आलें तें तप्त वायु आणि राख यांच्या एका दोन श्वासांनीं. कांहीं प्रेतांवरील कपडे शाबूत आणि आंतील कातडी भाजलेली, अशीहि नोंद आहे. बंदरांतील जहाजेंहि सुटलीं नाहींत. ‘रोराइमा’ हें जहाज त्याच सकाळीं येऊन नांगरलें होतें. तें पेटलें आणि त्यावरील फारच थोडे वांचले. ‘रॉडम’ या जहाजाचा कप्तान फ्रीमन यानें भाजलेल्या हातांनीं सुकाणूं सांभाळून, जळतें जहाज शेजारच्या सेंट लुशिया बेटापर्यंत नेलें. शहराच्या होळींतून वांचलेल्यांत दोन नांवें प्रसिद्ध आहेत. एक सिपारिस नांवाचा कैदी. जाड दगडी कोठडींत तो भाजून पडला होता, आणि तीन दिवसांनीं त्याला बाहेर काढलें. पुढें अमेरिकेच्या एका मोठ्या सर्कशींत तो आपली कोठडीची प्रतिकृति घेऊन फिरला. दुसरा लेओं कोंपेर हा चांभार. त्याचें घर शहराच्या कडेला होतें. ‘सारें शहर मेलें, एक कैदी उरला,’ असें जें वाक्य सर्वत्र वाचावयास मिळतें, तें ऐकण्यास चटकदार असलें तरी पुरतें खरें नाहीं.

पण या सर्वाहून एक गोष्ट शास्त्रज्ञांना चक्रावून टाकणारी होती. शहरांत शिलारसाचा एक थेंबहि नव्हता. राखेचा नवा थर सुमारें फूटभर, म्हणजे माणूस पुरला जाईल इतकाहि नव्हे. मग शहर मारलें कशानें?

या प्रश्नाचा उलगडा आपणांस, दख्खनच्या रहिवाशांस, थोडा जवळून करून घेतां येईल. आपला सह्याद्रि ज्या काळ्या पाषाणाचा आहे, तोहि सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा थिजलेला शिलारसच. त्यांत सिकतेचा, म्हणजे वाळूच्या मूळ द्रव्याचा अंश शेंकडा पन्नासाच्या आसपास असतो. असा रस पातळ असतो. त्यांतील वायु सहज निसटून जातात आणि तो दूरवर पसरतो. म्हणूनच आपल्या डोंगरांना पायऱ्यापायऱ्यांचे सपाट थर दिसतात. पेलेच्या शिलारसांत हा अंश साठांच्या घरांत आहे. तेवढ्या फरकानें रस इतका घट्ट होतो कीं तो वाहण्याऐवजीं मुखाशींच ढिगासारखा सांचतो, आणि आंतील वायूंना वाट मिळत नाहीं. अटलांटिक समुद्राचा तळ वर्षाला सुमारें दोन सेंटिमीटर या गतीनें कॅरिबियन तळाखालीं सरकत आहे. त्याच्याबरोबर खोल गेलेलें पाणी या रसांत वाफ होऊन भिनलेलें असतें. ढिगाचा एखादा भाग फुटला कीं, वायु, धगधगीत भुकटी आणि धोंडे यांचें जें मिश्रण सुटतें, तें हवेहून जड असल्यामुळें उतारानें खालीं धांवतें. फ्रेंच सरकारतर्फे आलेले भूशास्त्रज्ञ आल्फ्रे लाक्रुआ यांनीं महिनोगणती बेटावर राहून या प्रकाराचा अभ्यास केला आणि त्याला ‘ज्वलंत मेघ’ हें नांव दिलें. १९०४ मध्यें प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ आजहि या शास्त्राचा एक आधारस्तंभ मानला जातो.

दोन इंग्रज संशोधकांना तर हा मेघ प्रत्यक्षच भेटला. पेलेच्या आदल्याच दिवशीं, ७ मेला, दक्षिणेकडील सेंट व्हिन्सेंट बेटावर सुफ्रिएर नांवाचा ज्वालामुखी फुटून दीड हजारांहून अधिक माणसें मेलीं होतीं. त्याच्या चौकशीसाठीं रॉयल सोसायटीनें टेंपेस्ट अँडरसन व जॉन फ्लेट यांना पाठविलें होतें. ९ जुलैच्या सायंकाळीं ते एका लहान गलबतांतून पेलेसमोरच्या समुद्रांत असतांना डोंगरानें पुन्हां मेघ सोडला. पाण्यावरून आपल्याकडे येणारी ती काळी, विजांनीं चमकणारी भिंत त्यांनीं पाहिली आणि ती पोंचण्यापूर्वीं शिडें भरून निसटले. शास्त्राच्या दैवानें त्या दिवशीं वारा होता.

या मेघाचीं दोन अंगें असतात. खालचें अंग जड. तें दगडधोंड्यांसह दरीच्या तळानेंच जातें. वरचें अंग विरळ, पण तितकेंच जीवघेणें; तें दरीच्या कडा ओलांडून पसरतें. ८ मेला जड भाग मुख्यतः धवल नदीच्या खोऱ्यानेंच समुद्राला गेला, म्हणजे समितीनें सांगितलेल्या मार्गानेंच. शहरावर आला तो वरचा भाग. समितीनें वाट बरोबर ओळखली होती. वाटेनें येणारा कोण, हें त्यांना माहीत नव्हतें, आणि त्या दिवसापर्यंत जगांत दुसऱ्या कोणासहि नीटसें माहीत नव्हतें. सेंट पिएरनें तें शिकविल्यावर जुन्या कोड्यांचीहि उत्तरें मिळूं लागलीं. व्हेसुव्हियसच्या पायथ्याशीं हर्क्युलेनियमच्या समुद्रकांठच्या कमानींखालीं १९८० नंतरच्या खोदकामांत सुमारें तीनशें माणसांचे सांगाडे सांपडले. इ. स. ७९ मध्यें त्यांचा अंत कसा झाला, हें पेलेच्या अनुभवाच्या उजेडांतच समजलें.

ज्ञान झालें तरी तें ताबडतोब उपयोगीं पडलें असें मात्र नाहीं. डोंगराच्या आग्नेयेस मोर्न रूज नांवाचें गांव आहे. ८ मेला तें वांचलें होतें, आणि वांचलेलें गांव सुरक्षित अशी समजूत होऊन उन्हाळ्यांत तेथें वस्ती पुन्हां सुरू झाली होती. ३० ऑगस्टला डोंगरानें जो मेघ सोडला तो त्या बाजूलाहि पसरला, आणि तेथें व आसपास हजारांहून अधिक लोक मेले. ८ मेबद्दल गव्हर्नरला दोष देणाऱ्यांनीं ३० ऑगस्टकडेहि पाहिलें पाहिजे. या वेळीं कोणीहि अजाण नव्हतें.

त्यानंतर डोंगरानें एक विलक्षण खेळ केला. त्या वर्षाच्या अखेरीस विवरांतील घट्ट शिलारसाच्या ढिगांतून दगडाचा एक सुळका वर येऊं लागला. बाटलींतून बूच वर यावें तसा तो कित्येक महिने वाढत राहिला, आणि १९०३ च्या मध्यापर्यंत विवराच्या तळापासून सुमारें हजार फूट उंच झाला. ओसाड शहरामागें उभा असलेला तो मिनार समुद्रांतून मैलोगणती दिसे. मग तो तुकड्या तुकड्यांनीं ढासळला. १९०५ पर्यंत सर्व शांत झालें.

१९२९ च्या सप्टेंबरांत डोंगर पुन्हां जागा झाला आणि १९३२ पर्यंत अधूनमधून ज्वलंत मेघ सोडीत राहिला. पण या वेळीं लोक वेळींच हलविले गेले आणि मनुष्यहानि झाली नाहीं. फ्रँक पेरेट नांवाचे अमेरिकन संशोधक त्या काळांत डोंगराच्या अंगावरच एक खोपटें बांधून राहिले, आणि एकामागून एक मेघ खोऱ्यांतून जातांना टिपीत बसले. सेंट पिएरमध्यें त्यांनीं स्थापिलेलें संग्रहालय १९३३ मध्यें उघडलें. दुसरे अमेरिकन टॉमस जॅगर यांनीं १९०२ मध्येंच सेंट पिएरचे अवशेष पाहिले होते. ज्वालामुखीजवळ कायमचें ठाण मांडून बसल्यावांचून त्याची ओळख होत नाहीं, हा ध्यास त्यांनीं तेथून घेतला आणि १९१२ मध्यें हवाई बेटांत वेधशाळा उभारली.

निघून जा, असें सांगणें आज सोपें झालें आहे असें कोणी समजूं नये. उत्तरेकडच्या ग्वादलूप बेटावर १९७६ मध्यें तेथील ज्वालामुखी वाफा व राख सोडूं लागला. सेंट पिएरची आठवण ठेवून सत्तर हजारांहून अधिक लोक हलविले गेले आणि ते महिनोगणती घराबाहेर राहिले. शिलारस मात्र आलाच नाहीं. फ्रान्समधील शास्त्रज्ञांत त्यावरून जें भांडण जुंपलें तें वर्तमानपत्रांतून गाजलें. उलट मोंटसेराट बेटाचा ज्वालामुखी १९९५ मध्यें जागा झाला, राजधानी प्लिमथ रिकामी केली गेली, आणि ती पुढें राखेखालीं गाडली गेली. तरीसुद्धां २५ जून १९९७ रोजीं प्रवेश मना असलेल्या भागांत असलेले एकोणीस जण ज्वलंत मेघांत मेले. घर, पीक आणि गुरेंढोरें यांची ओढ वेधशाळेच्या यंत्रांना मोजतां येत नाहीं.

सेंट पिएर पुन्हां वसलें, पण पूर्वींच्या वैभवाला कधीं पोंचलें नाहीं. वस्ती चार हजारांच्या आसपास. नाट्यगृहाच्या पायऱ्या आणि त्यामागची सिपारिसची कोठडी प्रवाशांना दाखवितात. दक्षिणेकडील एका टेंकडीवर वेधशाळा आहे. तेथून डोंगराचे बारीकसारीक धक्के रात्रंदिवस नोंदले जातात. २०१९ च्या एप्रिलपासून हे धक्के वाढूं लागल्याचें तिला दिसलें. २०२० च्या अखेरीस माथ्याखालच्या नैर्ऋत्य उतारावर, जेथें एरवीं दाट हिरवें रान असतें, तेथें झाडांचा एक पट्टा खालून येणाऱ्या वायूंनीं सुकून गेलेला आढळला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तेथील अधिकाऱ्यांनीं डोंगराच्या धोक्याची पायरी हिरव्यावरून पिवळ्यावर नेली.